गुळवेल

सोनीबाईनं पिशवी ओसरीवर टेकवली, साधी चूळही न भरता लेकीचा हात धरला आणि एकेक बोट वाकवून पाहिलं. बोटं वाकत होती. गेल्या खेपेला त्याच सांध्यांवर बोराएवढी सूज होती आणि ब्लाऊजची हुकं लावायलाही रुपालीला सासूला हाक मारावी लागत होती.

"बघ," सोनीबाई म्हणाली. "म्या म्हनलं व्हतं का न्हाई? गुळयेलीचा गुण."

रुपाली गप्प राहिली. या गप्प राहण्याचाही तिला आता शीण आला होता. दुखण्याला ती विटली होतीच, पण दुखण्यावर माया करणाऱ्यांना तोंड देताना माणूस जास्त थकतं, हे तिला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

पिशवीतून जाड कांड्यांची जुडी निघाली. जुन्या लुगड्याच्या निळ्या चिंधीनं ती आवळून बांधलेली. निंबावर चढलेली गुळवेल तेवढी खरी, असं सोनीबाईचं ठाम मत. आणि तिच्या तळेघरच्या पावसाळी डोंगरात निंब औषधालाही सापडायचा नाही. म्हणून ही बाई खाली घोडेगावच्या अंगाला उतरायची, कोणाच्या तरी बांधावरची वेल तोडून घ्यायची आणि एसट्या बदलत लेकीच्या सासरी मढला यायची. तिचे स्वतःचे गुडघे कुरकुरत होते, पण त्यांना ती दाद देत नव्हती. लेकीच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नसतं, एवढं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. त्यापुढचं काही शिकवलं नव्हतं.

"टाकते उकळाया. मागची सपली आसंल."

"आये, आधी च्या घे. बस जरा."

"बसून काय व्हतंय?" आणि पातेलं विसळायला ती मागच्या दारी गेलीसुद्धा.

रुपाली मागोमाग उठली, पण उशीर झाला होता. परसातल्या उंबरावर गुळवेल लोंबत होती. गेल्या खेपेची जुडी उकिरड्यावर टाकायला तिचा हात धजला नव्हता, म्हणून तिनं ती तशीच फांदीवर भिरकावली होती. ही जातच चिवट. तोडून टाकली तरी मरायचं नाव नाही. कांड्यांना पानं फुटली होती, दोऱ्यासारखी मुळं मातीकडे निघाली होती आणि मधोमध निळी चिंधी अजून तशीच होती.

सोनीबाई त्या चिंधीकडे बघत राहिली.

"प्याली न्हाईस तू."

"न्हाई."

"कडू लागती म्हनून?"

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण मग आजची जुडी उकळली असती, आणि पेला रिकामा झालेला पाहिल्याशिवाय आई समोरून हलली नसती. रुपालीला आपली बोटं धड हवी होती.

"डॉक्टरांनी बंद कराया लावली. गोळ्या वाढवल्या, काढा थांबवला, तवापासनं उतार हाय."

"शक्ती वाढवनारी वस्तू बंद कराया लावली? येडा हाय का त्यो?"

"आये, माझी शक्ती कमी न्हाई. ती आवरंना झालीय." डॉक्टरांनी मोठमोठे शब्द वापरले होते, रुपालीनं ते येताना एसटीत आपल्या परीनं लावून घेतले होते. "आपल्या नाचणीला राखण असती ना? डुकरं हाकलनारा येगळा, पाखरांना गोफण मारनारा येगळा. तसं अंगातबी असतं. अन् त्या समद्यांना 'आता पुरं' म्हननाराबी असतो. माझ्यात त्योच ढिला पडलाय. राखणदार रान सोडून घरच्यांनाच झोडपाया लागलं. ही सूज म्हंजी त्यो मार."

"अन् गोळ्या?"

"त्यांना दमानं घ्याया लावत्यात."

सोनीबाईनं पातेलं खाली ठेवलं आणि उंबराच्या बुंध्याला टेकून बसली. आल्यापासून पहिल्यांदाच बसली. बसल्यावर ती किती दमलीय ते कळलं. टाचांच्या भेगांत चिखल वाळला होता आणि गुडघा एका दमात मुडपत नव्हता. रुपालीला वाटलं, सांगायला नको होतं. दुखरी बोटं परवडली असती.

"म्हंजी झोडपनाऱ्यांना म्याच खुराक घालीत व्हते," सोनीबाई म्हणाली.

"तुला काय ठावं, आये. मलाबी कुठं ठावं व्हतं."

रुपालीनं चहा आणून दिला, तो सोनीबाईनं बाजूला ठेवला. मग रिकामी पिशवी मांडीवर घेतली, तिच्या घड्या घातल्या, उलगडल्या, पुन्हा घातल्या.

"मग आता येताना काय आणू?"