लाल मखमली खुर्ची

"डावीकडे, डावीकडे," असं मनात घोकत नलूकाकू वळल्या त्या नेमक्या उजवीकडे. कराटेच्या व्हाइट बेल्टच्या परीक्षेत वयामुळे त्यांना पुढे उभं केलेलं. मागे आठ-नऊ वर्षांची पोरं. काकूंच्या भरवशावर अख्खी रांग वळली.

सकाळीच परीक्षक सर म्हणाले होते, "काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची ही मालिका, एकच, पण बेल्टगणिक अर्थ बदलतो. व्हाइटला एवढंच, चुकलं तरी थांबायचं नाही. ग्रीनला, समोर नसलेला शत्रू दिसला पाहिजे."

"आणि ब्लॅकला?" काकूंनी विचारलं होतं.

"जमलं तर दाखवीन."

थांबायचं नाही! हसू दाबत काकूंनी ठोसे हाणले, लाथ झाडली, शेवटची आरोळी ठोकली आणि बघतात तो काय, समोर पालक! परीक्षक सरांकडे सगळ्यांची पाठ. परीक्षेसाठी घेतलेलं मंगल कार्यालय खदखदून हसलं. पोरं रडकुंडीला आली.

सर उठले. बसायला मिळालेली नवरदेवाची अवजड लाल खुर्ची त्यांनी चक्क डोक्यावर घेतली, हॉल ओलांडून पालकांपुढे मांडली आणि तीत ताठ बसले.

"सगळ्यांची तोंडं माझ्याकडेच आहेत की! करा नमस्कार."

काकू हसत हसतच वाकल्या. "सर, ब्लॅकचा अर्थ पोचला!"