भर श्रावणात घर बघायला

लोखंडी कपाट अजून पुरतं सरकलं नव्हतं, तेवढ्यात पायऱ्यांवर चपला वाजल्या. चंपाने पाठ लावून शेवटचा जोर केला आणि ते भिंतीला टेकवलं. काळा डाग झाकला, पण वरचा वीतभर तुकडा उरलाच. तिथे ओटीवरची बाबासाहेबांची तसबीर आणून लावावी, असं तिच्या मनात आलं. पण बुरशी झाकायला बाबासाहेब, हे तिचं तिलाच पटेना. तिने तिथे कॅलेंडर अडकवलं आणि पदराने घाम पुसत ती बाहेर आली.

पाहुणे जयगडहून आले होते. मुलगी श्रुती, शाळेत शिक्षिका, आणि तिचे मामा. चंपाच्या मुलाला, विनीतला, ती देवरूखला भेटली होती आणि दोघांचं बरं जमलं होतं. राहिलं होतं घर बघणं. दिवाळीनंतर या, असा चंपाने निरोप धाडला. तोवर जांभ्या दगडाच्या भिंती सुकतात, घर चार माणसांत दाखवण्यासारखं होतं. उलट निरोप आला, मुलगी म्हणते श्रावणातच येणार. आता सबब तरी काय सांगायची? सासऱ्यांनी छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून घरात पंचांग ठेवलं नव्हतं. ना मुहूर्त, ना चातुर्मास.

विनीत तेहतीस वर्षांचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी, पण देवरूखची. मुंबईचा नाही म्हटल्यावर मुली आधीच नाक मुरडायच्या. त्यात गेल्या वर्षी पक्कं होत आलेलं स्थळ या भिंतीनेच मोडलं. घराला ओल आहे, आमच्या मुलीला सोसणार नाही, असं त्यांनी कळवलं. सासऱ्यांनी गोदीत हमाली करून एकेक चिरा रचलेलं हे घर. ते वाक्य चंपाला अजून झोंबत होतं. विनीतने मग चिडून आतल्या खोलीला सिमेंटचा गिलावा करून घेतला, वर महागातला रंग लावला. झालं, रोगापेक्षा औषध भयंकर. ओल आत कोंडली आणि बुरशी दुप्पट जोमाने बाहेर आली. चंपाने ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिंत घासली, पंखा लावून सुकवली. चौथ्या दिवशी काळे ठिपके पुन्हा हजर.

काशीराम, चंपाचा नवरा, मामांना ओटीवर बसवून रस्त्यांच्या खड्ड्यांवर बोलत राहिला. विनीत पोह्यांच्या बशा घेऊन उभा. श्रुती मात्र बसलीच नाही. घर बघू का, म्हणाली आणि उठली. विहीर, न्हाणीघर, गॅस, कशाचीच चौकशी नाही. ती प्रत्येक भिंतीपाशी थांबायची, तळवा टेकायची, क्षणभर तसाच ठेवायची आणि पुढे जायची. मागून चंपा, जीव मुठीत धरून. ही मुलगी आहे की इंजिनीअर, असं तिला वाटलं. भिंतींतच खोट काढायची होती म्हणून ही पावसात आली, याबद्दल आता तिला शंका उरली नाही.

आतल्या खोलीत श्रुतीची नजर जमिनीवर गेली. कपाट ओढल्याचे ओरखडे ताजे होते.

"काकी, हे आजच सरकवलंत का?"

चंपाला नाही म्हणता आलं असतं. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? लग्न होऊन आल्यावर ही पोर पहिल्याच पावसात बघणार, आणि मग काय म्हणणार?

"धर गो त्या बाजूनं," चंपा म्हणाली.

दोघींनी कपाट ओढलं. कुबट वास भपकन अंगावर आला. जमिनीपासून डोक्याच्याही वरपर्यंत भिंत काळी पडली होती.

"हे असं आहे बघ. लपवलं होतं मी. आधीचं स्थळ यानंच मोडलं. तुलाही मोडायचं तर मोड, पण पोरगा माझा वाईट नाय हां."

श्रुती पुढे झाली. तिने बोट फिरवलं, बोटाला काळं लागलं, ते रुमालाला पुसलं. मग ती वळून समोरच्या, स्वयंपाकघराकडच्या भिंतीशी गेली. तिथे तिने दोन्ही तळवे टेकले आणि बराच वेळ काढले नाहीत. चंपाला रडू आवरेना. बाहेर मामा निघायची घाई करत होते.

श्रुतीने हात झटकले.

"माझी पुस्तकं दोन कपाटं भरून आहेत, काकी. ती या काळ्या भिंतीला नकोत. ही कोरडी आहे, इथं मांडू."