मेसमामांची मुलगी

भाजीचं भांडं निम्मं झालं असेल, तेव्हा मामांनी वाढता वाढता मान वर केली. एरवी ते ताटाकडे बघूनच वाढत. तोंड बघितलं की हात सैल सुटतो आणि रांगेत शेवटी उभ्या असलेल्याला भाजी पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण आज नव्या मुलांना कॉलेज दाखवायचा दिवस होता, आणि ताट धरून समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी.

अख्खं कॉलेज त्यांना मामा म्हणे. बाबा म्हणणारी ही एकटीच.

"बाबा, वाढा ना. मागे लोक खोळंबलेत," ती हळूच म्हणाली.

मामांनी वाढलं. छाती अशी फुगली की ॲप्रनची नाडी करकचली. वर्षानुवर्षं दुसऱ्यांची पोरं जेवू घातली होती, आणि दर वर्षी पहिल्या दिवशी मनात एकच यायचं, या रांगेत कधीतरी आपलंही कुणी उभं राहील. कॉलेजही काही असंतसं नव्हे. इथं प्रवेश मिळावा म्हणून लोक देव पाण्यात घालून बसत.

मामांनी तिची बडदास्त आधीच ठरवून टाकली होती. जेवायला खिडकीजवळचं टेबल. ग्रंथालयातले दादा पंख्याखालची खुर्ची धरून ठेवणार होते. प्रयोगशाळेतले काका तिच्याकडे जातीनं लक्ष देणार होते. फाटकावरच्या वॉचमनकाकांनी तर शब्दच दिला होता, पोरगी तासाच्या वेळेला बाहेर दिसली की लगेच मामांना फोन.

शेजारच्या आचाऱ्याच्या हाती डाव देऊन मामा तिच्या टेबलापाशी आले.

"आवडलं ना?"

"फक्कड झालंय. नेहमीसारखंच."

"जेवणाचं नाही ग, कॉलेजचं विचारतोय."

तिनं चमचा खाली ठेवला. "बाबा, मी आत्ता ऑफिसात जाऊन आले. माझी जागा सोडते म्हणून सांगितलं."

"कसली जागा?"

"इथली. मी त्या डोंगराजवळच्या कॉलेजात जाणार."

मामा मटकन खुर्चीत बसले. "वेड लागलंय का तुला? लोक इथं यायला जीव टाकतात, आणि तू हातात आलेलं सोडून येतेस? असं काय आहे तिथं?"

"दगड," ती म्हणाली. "मला दगडांचंच शिकायचंय ना? इथं ते काचेच्या कपाटात आहेत, वर कुलूप. तिथं पहिल्या वर्षापासून हातात हातोडी देतात आणि डोंगरात नेतात. तंबूत राहायचं, चिखलात लोळायचं. मी जाऊन आले, तिथल्या मुलामुलींशी बोलले. एकाचीही नखं स्वच्छ नव्हती, बाबा!"

मामांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. "आणि अडीनडीला? तिथं आपलं कोण आहे?"

"कुणीच नाही." हे सांगताना तिचा चेहरा इतका खुलला की तिलाच ओशाळल्यासारखं झालं. तिनं आवाज खाली आणला. "रागावू नका. इथं सगळे किती प्रेमानं वागतात. पण एक तास बुडवला तरी मी घरी पोचायच्या आत तुम्हाला कळलेलं असेल. कुणाशी भांडले, कशात आपटले, सगळं आधी तुमच्या कानावर. इथं मला चुकायला जागाच नाही, बाबा."

मामांना वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. ते टेबलावरचं सांडलेलं पाणी उगाच फडक्यानं पुसत राहिले, कोरडं झालं तरी पुसत राहिले.

मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, "ऑफिसात एकटीच गेलीस?"

"हो."

"प्राचार्यसाहेब होते?"

"होते ना. पुन्हा पुन्हा म्हणत होते, नीट विचार कर, इथली जागा कुणी सोडत नाही. मी म्हटलं, सर, विचार करूनच आलेय."

"घाबरली नाहीस?"

"घाबरले तर. पण आवाज नाही कापू दिला."

मामा तिच्याकडे बघतच राहिले. त्या ऑफिसात ते आजवर खुर्चीवर टेकले नव्हते. बोलावणं आलं की जायचं, दाराशी अंग चोरून उभं राहायचं, 'हो साहेब' म्हणायचं आणि परत यायचं. दुसरं काही म्हणता येतं, हे त्यांच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

"तिथली मेस कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"भयंकर. भातसुद्धा दगडासारखा."

"असू दे," मामा म्हणाले. पण ऐकून बरं वाटलं, हे काही त्यांना लपवता आलं नाही. तिच्या डोक्यावर हलकेच हात ठेवून ते उठले आणि आपल्या जागी गेले.

रांगेत आता एक प्राध्यापक उभे होते. "काय मामा, मुलगी येतेय ना आमच्याकडे? सगळीकडे तिचीच चर्चा आहे."

"नाही सर." मामा ताठ उभे राहिले. "जागा मिळाली होती. तिनंच नाही म्हटलं."

प्राध्यापकांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "नाही म्हटलं? आपल्या कॉलेजला?"

"हो सर," मामा म्हणाले, आणि रांगेत शेवटी उभ्या असलेल्यालाही ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "साहेबांच्या समोर उभी राहून. एकटी."