पहिला पर्याय

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी वकिलाने बकरा दाखवायला घेतला.

वकील हे त्याचं ऑफिसातलं टोपणनाव. जाहिरात कंपनीत इतरांनी लिहिलेलं ग्राहकांपुढे मांडणं हे त्याचं काम. आणि बकरा म्हणजे तीन पर्यायांतला पहिला, नाकारला जावा म्हणूनच केलेला. तो सपाट आवाजात दोन मिनिटांत उरकायचा, म्हणजे पुढचे दोन उठून दिसतात. हा बकरा त्याच्याच कंपनीतल्या लेखिकेने आदल्या दिवशी चहा निवायच्या आत लिहिला होता. जेवणाच्या टेबलावर सगळं घर हसतं, ऐकू न येणारी आजी मागे राहते, एवढंच. तिसऱ्या पर्यायावर तिचे सहा आठवडे गेले होते.

ग्राहक श्रवणयंत्रं बनवणारे. टेबलापलीकडे चार जण होते. मधल्या संचालक बाई मोबाइलवर काहीतरी लिहीत होत्या. विक्रीप्रमुख खिडकीतून समोरच्या इमारतीच्या काचा पुसणाऱ्या माणसाकडे बघत होते. एकाने जांभई दिली आणि लपवलीही नाही.

न ऐकणारी खोली वकिलाला सहन होत नसे.

"म्हणजे बघा," तो म्हणाला, आणि खुर्ची पुढे ओढून बसला. "ही आजी. सगळे हसले, की ही आधी सगळ्यांची तोंडं बघते. मग हसते."

त्याने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. ओठ किंचित उघडे. एक क्षण तसाच थांबला. मग तोंडापुढे हात धरून हसला, उशिरा, जरा जास्तच मोठ्याने.

विक्रीप्रमुख फसकन हसले. संचालक बाईंनी मोबाइल पालथा ठेवला.

"परत करा."

त्याने परत केलं. या वेळी हसता हसता घसरलेला चष्मा चार बोटांनी वर ढकलला. जांभई देणारा टेबलावर थापा मारायला लागला.

लॅपटॉप लेखिकेपुढे होता. पुढचं पान आणायचं काम तिचं. तिची आई अशीच हसते. चष्मा असाच चार बोटांनी वर करते. अकरा वर्षं वकील त्यांच्याकडे जेवायला जातो आणि तिच्या आईच्या, त्याच्या काकूंच्या, उजव्या हाताला, त्यांच्या बऱ्या कानाकडे बसतो.

"तर हा झाला पहिला," वकील म्हणाला आणि तिच्याकडे वळला. पान बदललं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर आपण कुणाचं हसणं करून दाखवलं हे त्याला समजलं. मग पान बदललं.

दुसरा त्याने भराभर सांगितला. तिसऱ्याला सगळा जीव लावला. त्यात आजी दिसतच नव्हती. एक मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऑफिसातली गंमत सांगते, दुसऱ्यांदा सांगते, आणि तिसऱ्या वेळी म्हणते, "जाऊ दे, काही नाही." खाली एक ओळ: हे तुम्ही आज त्यांना कितीदा म्हणालात?

संचालक बाईंनी पालथा मोबाइल पुन्हा सुलटा केला.

"छान आहे," संचालक बाई म्हणाल्या. "पण अंगावर येतं हो. आम्हाला ती आजी द्या."

"मॅडम, एक प्रांजळपणे सांगू? पहिल्यात लोक तिला हसतील. तुमचं यंत्र घेणार ते तिच्यासारखेच..."

"वकीलसाहेबच ना तुम्ही?" विक्रीप्रमुख म्हणाले. "खटला जिंकल्यावर उलटतपासणी कसली करताय?"

सगळे हसले. वकील तेव्हा हसला नाही, पण हात जोडून उभा राहिला, कारण सगळे उभे राहिले होते.

लिफ्टपाशी ती म्हणाली, "तू बकरा विकलास."

"खोली हातची जात होती गं. तूही बघत होतीस."

"हो. बघत होते."

"मी ठरवून नाही केलं. हात आपोआप चष्म्याकडे गेला." लिफ्ट आली, उघडली, मिटली. दोघंही आत गेली नाहीत. "आणि काकूंना काही कळायचं नाही. म्हणजे, त्यांना..."

"तिला ऐकू येत नाही," लेखिका म्हणाली. "दिसतं चांगलं."

ती जिन्याने खाली गेली. सहा मजले. तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत होता आणि तो बंद होईपर्यंत वकील तिथेच उभा होता.

ऑफिसात परतल्यावर त्यांच्या कंपनीच्या प्रमुखांनी त्याला दारातच मिठी मारली. "अरे, बकरासुद्धा विकतोस तू! उद्या ह्या मोडक्या खुर्च्या घेऊन जा, त्याही विकून ये."

"सर, तो पर्याय आपण मागे घेऊ या. मी बोलतो त्यांच्याशी."

"वेडा आहेस का? दोन वर्षांनी एवढं मोठं काम आलंय."

"तो तिच्या आईवर..."

"कुणाच्या? बरं, ते बघू नंतर," प्रमुख म्हणाले आणि वाजणारा फोन घेत आत गेले.

लेखिका तिच्या जागेवर होती. तिसऱ्या पर्यायाचे कागद तिने फाडले नव्हते, फेकले नव्हते. नीट जुळवून, टाचणी लावून कपाटात ठेवत होती. वकील शेजारी येऊन उभा राहिला. ती म्हणाली, "सरक जरा, दार उघडायचंय," आणि तो सरकला.

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ग्राहकांचं मेल आलं. पहिला पर्याय मंजूर. चित्रीकरण पुढच्या महिन्यात. एकच विनंती: आजीचं काम करणाऱ्या अभिनेत्रीला ते हसणं वकीलसाहेबांनीच शिकवावं, तसं दुसऱ्या कुणाला जमणार नाही. होकार आजच कळवावा. प्रमुखांनी ते मेल सगळ्यांना पाठवलं, लेखिकेलाही.

साडेसहाला ऑफिस रिकामं झालं. वकिलाच्या उत्तरात तोवर "मॅडम," एवढंच लिहून झालं होतं.