पाणी प्या सगळे

आईबाप एड्सने गेल्यावर चर्चमध्ये गाणं शिकवणाऱ्या बाईंनी त्या पोरक्या मुलीला आपल्या घरी आणलं. एचआयव्ही तिच्याही रक्तात होता. गोळी रोज संध्याकाळी, नेमकी गाण्याच्या सरावाच्या वेळी घ्यायची. पण इतर मुलांसमोर लाजेपोटी ती टाळायची. तब्येत खालावली, डॉक्टर रागावले, तेव्हा बाईंना कळलं. पुढच्या सरावाला त्यांनी मध्येच पेटी थांबवली. "घसे कोरडे पडलेत. पाणी प्या सगळे." पर्समधून डबी काढली. "ही माझी ब्लडप्रेशरची गोळी. हिच्यावाचून माझं पान हलत नाही. तुझी काढ गं, सोबतच घेऊ." मुलीचा हात खिशात घुटमळला, मग बाहेर आला. दोघींनी गोळ्या गिळल्या. "बाई, मला का नाही गोळी?" सगळ्यात धाकटा रुसला. "देवाने तुला घशात भोंगा दिलाय, तेवढा पुरे!" सगळे हसले. हसता हसता मुलीनेच पहिला सूर लावला.