इस्तारीची भरमार

बोली सुरू झाली तसा सुकलूनं नथ्थूचा दंड घट्ट धरला.

"दुसरी कोणतीबी घे. ते नोको घेऊ."

चांद्याच्या कचेरीच्या पडवीत जुन्या ठासणीच्या बंदुका भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. तिकडे त्यांना भरमार म्हणतात. मालक मेले, वारसांनी सोडवल्या नाहीत, म्हणून सरकारनं लिलावात काढलेल्या. नथ्थूची नजर एकीवरच होती. तिच्या दस्त्याला तांब्याची तार गुंडाळलेली होती. ती तार त्याच्या थोरल्या भावानं, इस्तारीनं, आपल्या हातानं गुंडाळली होती.

"माह्या भावाची हाय, सुकलूभाऊ."

"म्हणूनच सांगतो. अपशकुनी हाय ते. मी धरली व्हती हातात, मले ठाऊक."

नथ्थूला त्याचा राग आला नाही. या माणसाचा राग येणार तरी कसा?

चार वर्षांमागं, दिवाळीनंतरची गोष्ट, साऱ्या गावाला पाठ झालेली. धान कापणीला आला होता. गावात मंडईच्या जत्रेचे ढोल दणाणत होते आणि इस्तारी नि सुकलू नाल्यापलीकडच्या भाताच्या बांधीत मचाणावर राखणीला बसले होते. दिवेलागणीला रानडुकरं धानात शिरली. बंदूक सुकलूच्या हाती देऊन इस्तारी डबा बडवत खाली उतरला, आणि वाघानं त्याला उचललं. सुकलूनं मचाणावरून उडी टाकली, वाघावर बार केला. वाघानं शिकार सोडली नाही. ढोलांच्या गलक्यात गावाला बार ऐकू गेला नाही. ऐकू आली ती धावत सुटलेल्या सुकलूची बोंब. लायसन इस्तारीच्या नावाचं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच कोतवालानं बंदूक ठाण्यात नेऊन जमा केली.

तेव्हापासून वाघोबाच्या पूजेचा पहिला नारळ सुकलूच्या हातचा. नथ्थूच्या घरात तर तो देवच झाला. रोवणी असो की मळणी, न बोलावता हजर. नथ्थू आधीच भोळा सांब, त्यात उपकाराचं ओझं. शेवटी गेल्या साली त्यानंच शब्द टाकला, विधवा वयनीचा, मनकर्णेचा, पाट सुकलूशी लावायचा. मनकर्णा वर्षभर नाही म्हणत राहिली. मग एक दिवस म्हणाली, "त्याइच्यासाठी जो वाघापुढं उभा राह्यला, त्याले नाई कसं म्हणू?"

आठवड्यावर पाट आला होता.

त्या गंजक्या नळीला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. बंदूक नथ्थूला सहज सुटली. सुकलू खांबाला टेकून बसला होता.

"मले लायसन असतं तं मीच बोली लावली असती," तो म्हणाला, "अन् वैनगंगेत फेकली असती."

त्याचे डोळे भरून आले होते.  आपण याच्या जखमेवरची खपली काढली, असं नथ्थूला वाटलं. मन रमावं म्हणून तो सुकलूला बाजारात घेऊन गेला, पाटाचं लुगडं घ्यायला लावलं. मोटारीत सुकलू त्याच्या शेजारी बसला नाही. पोत्यात गुंडाळलेल्या बंदुकीपासून लांब, मागच्या बाकावर बसला.

गावच्या फाट्यावर उतरल्यावर मात्र तो जवळ आला. "आण इकडं. मी धुवून आणतो. तुले भरमारीचं काई समजत नाई."

"तिले पाहूनच तुले तरास होऊन राह्यला, भाऊ. तू नोको हात लावू."

"मंग पाटानंतर धुजो. एवढी काऊन घाई?"

"डुकरं थांबते का पाटासाठी?" नथ्थू हसला. सुकलू हसला नाही.

घरी बंदूक पाहून मनकर्णा उंबऱ्यातच बसली. नवं लुगडं तिनं मांडीवर घेतलं, पण घडी उलगडली नाही.

"त्या दिवशी बार ठासाले चिंधी सापडली नाई," ती हळूच म्हणाली. "तं माह्या लुगड्याचा काठच फाडला त्याइनं. हिरवा काठ, लाल ठिपक्याचा. नवंकोरं लुगडं व्हतं, भाऊजी. मी लय बोलली. तसेच न जेवता गेले."

 तिची ही खंत नथ्थूनं आज पहिल्यांदाच ऐकली होती.

सकाळी त्यानं अंगणात कढत पाण्याचं पातेलं ठेवलं, सूप पुढ्यात घेतलं आणि लोखंडी गज नळीत घातला. गज तळाला गेला नाही. वीतभर वरच अडला. इतकी वर्षं कोठडीत पडलेली वस्तू, कुंभारमाशीनं आत मातीचं घर केलं असणार. माशीला दोन शिव्या हासडून त्यानं गजाच्या टोकाला पिळाचा आकडा बसवला, आत फिरवला आणि ओढला.

माती आली नाही. कापडाचा घट्ट बोळा आला.

त्यानं नळी सुपावर वाकवली. छर्रे खडखड करत सुपात सांडले. त्यांच्यामागून आणखी एक बोळा, आणि मग दारूची काळी भुकटी.

आवाज ऐकून मनकर्णा बाहेर आली. तिनं सुपातला बोळा उचलला, उलगडला, पाण्यात बुचकळून पिळला आणि दोन्ही हातांनी उन्हात धरला.

हिरवा काठ, लाल ठिपके. कुठंही जळलेला नव्हता.