हवा हवी

पहिलं वळण घेताच इंजिन खोकलं आणि जयंतराव ओरडले, “हवा!”

सारा तेव्हा मागे बघत होती. एकोणीसशे चौदा सालच्या त्या ग्रां प्री गाडीला आरसाच नव्हता. त्या काळी मागून कोण येतंय ते शेजारी बसलेला मेकॅनिक मान वळवून सांगायचा. आज टेकडी चढायच्या या शर्यतीत जुन्या गाड्या एकेकच सोडत होते, त्यामुळे मागून कोणी यायचा प्रश्न नव्हता. तरी जयंतरावांनी बघायला सांगितलं होतं, म्हणून ती बघत होती.

मेकॅनिकची जागा तिला मिळाली ती जयंतरावांच्या बायकोच्या, मधुमतीकाकूंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून, आणि त्यांच्या मुलाला, नकुलला, गाडी लागते म्हणून. दोन वर्षं नकुल साराशी लग्नाचा विषय काढत होता आणि दोन वर्षं त्याचे वडील “लेट्स सी” म्हणत होते. सारा लंडनजवळच्या इल्फर्डची, इंग्रज. जयंतराव तिच्याशी इतक्या सभ्य इंग्रजीत बोलत, की आपण घर विकायला आलेली एस्टेट एजंट आहोत असं तिला वाटे. आज गाडी वर पोचली तर त्यांचं मन वळेल, अशी तिला आशा होती.

“हवा! हवा!”

घाम फुटला की जयंतरावांचं इंग्रजी आधी बंद पडायचं. सकाळी शिकवलं होतं ते मात्र सगळं इंग्रजीत: पायाशी हातपंप आहे, मी ओरडलो की मारायचा, टाकीत प्रेशर राहिलं तरच पेट्रोल इंजिनापर्यंत जातं. मराठी शिकवलं होतं काकूंनी, पिनरच्या त्यांच्या घरी, स्वयंपाकघरात. चहा हवा. भाजी हवी. पाणी हवं.

साराचा चेहरा उजळला. काकूंनी दिलेला थर्मास तिनं मांडीवर उघडला आणि ताशी तीस मैलांच्या वेगात, भर वळणावर, कप भरला.

“घ्या, काका!”

जयंतरावांचे दोन्ही हात स्टिअरिंगला लटकलेले. नाकासमोर वाफाळता कप.

“अगं, हवा! हवा हवी!”

सारा गोंधळली. मघाशी हवा होता, आता हवी. गाडीत खाण्यापिण्याचं स्त्रीलिंगी असं काहीच नव्हतं.

“भाजी नाहीये, काका!”

इंजिनाला दोन उचक्या लागल्या आणि ते थांबलं. जयंतरावांनी गाडीच्या बाहेरच्या बाजूचा ब्रेक खेचला. आजूबाजूच्या मेंढ्या ऐकू यायला लागल्या. शेवटचं वळण समोर, हाकेवर होतं.

जयंतरावांनी पंपाकडे बोट दाखवलं आणि गाल फुगवून फू केलं. “हवा. एअर.”

“एअरला पण हवा?” साराच्या गॉगलमध्ये पाणी जमलं. “सॉरी, काका. मी तुमचा रेस घालवला.”

“तुमची. घालवली.” जयंतरावांनी बॉनेटकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसताहेत हे साराला उशिरा कळलं, कारण तिनं त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं. “भाजी नाहीये म्हणे! आण तो चहा, ओतलायस तर.”

वरून शर्यतीचा एक मार्शल झेंडा घेऊन धावत आला. “व्हेन आर यू मूव्हिंग, सर? अँड हू इज शी?”

“सून,” जयंतराव कपात फुंकर घालत म्हणाले.

सारा थर्मासचं झाकण लावायची थांबली. हा शब्द तिला कुणी शिकवावा लागला नव्हता. तिनं तो स्वतःच विचारून घेतला होता.

मार्शलनं घड्याळात पाहिलं. “हाऊ सून?”

जयंतरावांनी एक घोट घेतला, थोडा विचार केला.

“इन जून.”